शनिवारी थांबणारा घाणा

कोकणातल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या बेने इस्राएल समाजाला शेजारीपाजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे हे. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांचे सारे ग्रंथ समुद्रात गेले, अशी या ज्यू समाजाची परंपरा आहे. पुढे हिब्रू विसरली गेली. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. ग्रंथ गेले, भाषा गेली, तरी शनिवार कसा टिकला? त्याचे उत्तर शब्बाथच्या नियमांच्या घडणीतच आहे.

शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागले की संपतो. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’त त्या दिवशी वर्ज्य असलेली 39 प्रकारची कामे सांगितली आहेत. नांगरणे, दळणे, भाजणे, विणणे, लिहिणे, विस्तव पेटवणे आणि विझवणे ही त्यांतली काही. साहजिकच विसाव्याचा सगळा भार आदल्या दिवसावर येतो. स्वयंपाक आधी उरकायचा, निखाऱ्यावर झाकून ऊन ठेवायचा, घर झाडायचे, नाहायचे, धुतलेले कपडे घालायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी दिवा लावायचा. शुक्रवार मोकळा मिळावा म्हणून कपडे गुरुवारीच धुवावेत, असा दंडक एज्राने घालून दिल्याचे परंपरा मानते. ताटात दोन पाव ठेवतात, कारण रानात भटकणाऱ्या इस्राएलींना सहाव्या दिवशी दुप्पट ‘मान्ना’ मिळत असे.

ही तयारी बायकांवर किंवा नोकरांवर सोपवून मोकळे होता येत नसे. ताल्मूदमध्ये मोठमोठ्या पंडितांची शुक्रवारची कामे नोंदवली आहेत. रव हिस्दा भाजी चिरत, राब्बा आणि रव योसेफ लाकडे फोडत, रावा मासळीला मीठ लावी, तर रब्बी अबाहू हस्तिदंती चौरंगावर बसून चुलीला वारा घाली. हस्तिदंती चौरंग असलेल्या माणसाला चुलीपुढे बसायची गरज नव्हती; पण येणाऱ्या पाहुणीचा मान आपल्या हातानेच राखायचा, ही त्यामागची भावना.

मान राखायचा म्हणजे उधळपट्टी करायची, असे मात्र नाही. दुसऱ्यापुढे हात पसरण्यापेक्षा शब्बाथला रोजचेच साधे जेवण जेवावे, असे रब्बी अकिवा सांगत. दिव्याच्या तेलावरूनही असाच वाद झाला. रब्बी तार्फोन यांचा आग्रह फक्त ऑलिव्हच्या तेलाचा. त्यावर रब्बी योहानान बेन नुरी यांनी विचारले, की ज्यांच्याकडे तिळाच्या तेलाशिवाय काही नाही त्या बाबिलोनच्या लोकांनी काय करावे? आणि अलेक्झांड्रियात मुळ्याच्या बियांचे तेल मिळते, त्यांनी? शेवटी ज्याच्या हाताशी जे तेल, तेच चालते असे ठरले. जेरुसलेमपासून दूर गेलेल्या माणसालाही पाळता येईल, असा कायदा त्यामुळे झाला.

थांबायचे तेही सर्वांनी मिळून. शुक्रवारी संध्याकाळी शिंग फुंकले जाई. पहिल्या नादाला शेतातली माणसे काम सोडत, दुसऱ्याला दुकाने मिटत, तिसऱ्याला दिवे लागत. जेरुसलेमच्या मंदिराचा कोसळलेला एक दगड 1968 मध्ये उत्खननात सापडला. त्यावरच्या हिब्रू अक्षरांत शिंग फुंकण्याच्या जागेचा उल्लेख आहे.

या दिवसामागचे एक कारण ‘अनुवाद’ या ग्रंथात दिले आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून विसावा घरधन्याबरोबर दासदासींना, परक्याला आणि बैलालाही द्यायचा. मराठीत ‘घाण्याचा बैल’ म्हणजे ज्याची फेरी कधी संपत नाही असा जीव. कोकणातल्या या तेल्यांच्या दारी मात्र त्याच्याही मानेवरचे जू दर सातव्या दिवशी उतरत असे.

हातावर पोट असणाऱ्या घराला सातांतला एक दिवस सोडणे सोपे नव्हते. शनिवारी गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जाणार, हे उघड होते. जे गाळायचे, पोचवायचे ते शुक्रवारीच व्हायला हवे. ही शिस्त पाळायला पोथी लागत नव्हती. मुले ती आईच्या लगबगीतून आणि थांबलेल्या घाण्यातून शिकत, आणि शेजारी तिच्यावरूनच त्यांना ओळखत. सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी लोकांना हिब्रू प्रार्थना पुन्हा शिकवल्या. शनिवार कोणता, हे मात्र कुणाला शिकवावे लागले नाही.