बोटाने मणका मोजताना

कंबरेचा चौथा मणका नेमका कोठे असतो? पुस्तकातल्या आकृतीत तो चटकन दाखवता येतो, जिवंत माणसाच्या पाठीवर मात्र तितक्या सहज नाही. पण कण्यात भूल देताना किंवा मेंदूज्वराच्या संशयावरून पाठीतले पाणी काढताना सुई कोठे टोचायची, हे याच उत्तरावर ठरते. प्रौढ माणसात मज्जारज्जू साधारणपणे कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या दरम्यान संपतो. त्याखाली चेतातंतूंचा जुडगा द्रवात मोकळा तरंगत असतो. सुई आली तर हे तंतू बाजूला सरकू शकतात. मज्जारज्जूला ती सोय नाही. एखादा मणका मोजण्यात चूक झाली, तर पायातली शक्ती जाण्याचा धोका असतो.

१८९१ मध्ये जर्मनीतील कील येथे क्विंक या वैद्याने कंबरेतून सुई घालून मेरुद्रव काढण्याची पद्धत मांडली. त्याच गावी १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर याने कण्यात कोकेन टोचून शस्त्रक्रिया केली. पुढे पॅरिसच्या तुफिए या शल्यविशारदाने या पद्धतीचा प्रसार केला. कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा चाचपून त्यांना जोडणारी आडवी रेषा कल्पावी. ती चौथ्या मणक्याच्या आसपास कण्याला छेदते. ही खूण आजही तुफिएच्या नावाने ओळखली जाते.

शंभर वर्षे ही रेषा भरवशाची मानली गेली. ती खरोखर तपासली, तेव्हा काय दिसले? २००० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांनी १०० रुग्णांच्या पाठीवरील खुणा चाचपून ओळखल्या आणि एमआरआयशी ताडून पाहिल्या. बरोबर उत्तरे होती फक्त २९ टक्के. ५१ टक्के वेळा खूण समजुतीपेक्षा एक जागा वर होती. शिवाय १९ टक्के रुग्णांत मज्जारज्जू पहिल्या मणक्याच्याही खाली उतरलेला होता. दोन्ही गोष्टी एकाच धोक्याकडे नेतात!

चूक केवळ बोटांची नाही. हाडांवर चरबीचा थर असला की कडा आहे त्यापेक्षा वर लागते. रेषा कोणत्या मणक्यावरून जाते, हेही माणसागणिक बदलते.

मग श्राव्यातीत ध्वनी मदतीला येऊ शकतो का? या लहरी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात. हाड चार सेंटिमीटर खोल असेल, तर प्रतिध्वनी सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत परततो. पडद्यावर माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी सलग तेजस्वी रेषेसारखे दिसते. तेथून एकेक फट मोजत वर जायचे. २००२ मधील एका अभ्यासात क्ष-किरणचित्राशी तुलना केली, तेव्हा चाचपणी ३० टक्के, तर सोनोग्राफी ७१ टक्के वेळा बरोबर ठरली. म्हणजे यंत्रही दहापैकी तीनदा चुकलेच. काहींच्या कण्यात शेवटचा मणका त्रिकास्थीला जोडलेला असतो. मोजणीची सुरुवातच चुकली, तर पुढचे सगळे चुकते.

हात आणि यंत्र यांची अशी परीक्षा वर्धा जिल्ह्यातही झाली आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ग्रामीण भागासाठी सुरू झाले. तेथील डॉ. रजनीश जोशी, डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी २००४ साली यकृत वाढल्याचे चाचपून व ठोकून कितपत कळते, हे सोनोग्राफीशी ताडून पाहिले. हाताच्या निदानावर फारसे विसंबता येत नाही, असे आढळले. मानेचा ताठरपणा आदी खुणांवरून मेंदूज्वर ओळखता येतो का, हेही सेवाग्राममध्ये १९० रुग्णांवर तपासले गेले. ते निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या खुणांवर निर्णय सोपवता येत नाही, पाठीतले पाणी तपासावेच लागते, असा त्यांचा अर्थ. म्हणजे पुन्हा सुई आली आणि मणक्याचा प्रश्नही आला.

आता खिशात मावणारी सोनोग्राफी यंत्रे निघाली आहेत. तरी ती सरसकट प्रत्येक दवाखान्यात ठेवता येत नाहीत. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याखाली यंत्रांच्या वापरासाठी नोंदणी लागते. मुलींच्या जिवासाठी घातलेले हे बंधन आम्हाला योग्यच वाटते. त्यामुळे अनेक ठिकाणी डॉक्टरांना बोटांवरच भागवावे लागणार. ती चुकतात आणि बहुधा वरच्या बाजूला चुकतात, हे माहीत असणारा डॉक्टर शंका आली की एक जागा खाली उतरेल.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक ठळक मणका हाताला लागतो. तीन विद्यार्थ्यांनी, एकमेकांचे उत्तर न पाहता, मित्राच्या सदऱ्यावरूनच तेथून खाली पाचवा मणका मोजावा आणि त्याचे जमिनीपासूनचे अंतर कागदावर लिहावे. तीन आकडे जुळले तरी ते बरोबरच असतील असे नाही; न जुळले तर निदान एक जण तरी चुकला, हे नक्की. अचूकता आणि सुसंगती यांतला हा फरक फळ्यावर लिहिण्यापेक्षा या तीन आकड्यांवरून लवकर कळतो.