अ‍ॅनिमेशनच्या फ्रेममधील उजेड जपताना

रत्नागिरीचा थिबा राजवाडा ज्यांनी आतून पाहिला आहे, त्यांना तेथील छायाप्रकाशाची गंमत ठाऊक असेल. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूत भर दुपारीही सावली असते. खिडकीबाहेर मात्र ऊन असे की क्षणभर डोळे दिपावेत. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर या राजवाड्याचे त्रिमित प्रारूप उभारले आणि कॅमेरा दालनातून खिडकीकडे व तेथून भाट्याच्या खाडीकडे नेला. दहा सेकंदांचे हे दृश्य म्हणजे २४० फ्रेम. संगणक रात्रभर राबला. सकाळी पाहावे, तर खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन! तो नंतर कितीही गडद केला तरी करडा होतो. खाडी काही दिसत नाही.

अशा वेळी प्रकाशयोजनेला दोष दिला जातो. बहुधा चूक असते ती फ्रेम कोणत्या स्वरूपात साठवली, यात.

भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स इतका उजेड असतो, तर घरात जेमतेम शंभर. म्हणजे हजार पटींचा फरक. उजेड दुप्पट होण्याला छायाचित्रकार एक ‘स्टॉप’ म्हणतात. त्या हिशेबाने हे अंतर दहा स्टॉपचे झाले. यालाच प्रकाशाचा पल्ला किंवा ‘डायनॅमिक रेंज’ म्हणतात. रेंडर करणारी आज्ञावली हा सारा पल्ला आकड्यांत मोजते. पडद्यावरचा पूर्ण पांढरा रंग १ मानला, तर दालनातील भिंत ०.०२, बाहेरचा ढग ३ आणि खाडीच्या पाण्यावरील चकाकी ४० असू शकते. स्मृतीत हे आकडे शाबूत असतात. फाइल लिहिताना ते कापले जातात.

नेहमीची जेपीईजी किंवा आठ बिटांची पीएनजी फाइल प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या जाणते. साध्या रूपांतरात १ च्या वरचे सारे काही २५५ या शेवटच्या पायरीवर जाऊन बसते. ढगही २५५, चकाकीही २५५. पुढे संपादनात दोन स्टॉप उजेड कमी केला, तर दोन्ही सारखेच मळकट दिसतात. मूळ आकडे राखले असते, तर चौथा हिस्सा झालेला ढग ०.७५ वर येऊन त्याचे पदर दिसले असते आणि चकाकी १० वर राहून चकाकतच राहिली असती. सोळा बिटांची पीएनजी घेतली की प्रश्न सुटला, असा समज आहे. तो चुकीचा आहे. तेथे पायऱ्या वाढतात, छप्पर तेवढेच राहते.

फिल्मच्या काळातील निगेटिव्ह आणि प्रिंट यांची आठवण येथे उपयोगी पडते. निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा कितीतरी अधिक तपशील असे. प्रिंट उजळ काढायची की गडद, हे नंतर ठरे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या एकेक फ्रेम हलवून नाचवल्या, तेव्हाही हाती निगेटिव्हच होती. संगणकावरील अ‍ॅनिमेशनकाराने ती सोय आपणहून का सोडावी?

आज ही निगेटिव्ह म्हणजे ‘ओपनईएक्सआर’. अमेरिकेतील इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने चित्रपटांतील दृश्यपरिणामांसाठी हे स्वरूप तयार केले आणि २००३ मध्ये सर्वांना मोफत खुले केले. त्यातील सोळा बिटांचा ‘हाफ फ्लोट’ आकडा ६५,५०४ पर्यंत जातो आणि प्रत्येक स्टॉपला १,०२४ पायऱ्या देतो. रंगांसाठी तो पुरेसा आहे. वस्तूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर साठवायचे असेल, तर मात्र बत्तीस बिटांचा पर्याय घ्यावा. नंतर धूसरपणा किंवा गतीचा परिणाम द्यायचा असेल, तर ईएक्सआरचा लाभ विशेष जाणवतो: तेजस्वी ठिपका पसरूनही तेजस्वी राहतो.

मात्र येथे एक फसगत होते. ब्लेंडर या मोफत आज्ञावलीत ‘कलर मॅनेजमेंट’खाली एक्स्पोजर दोन स्टॉपने वाढवले, तर पडद्यावर चित्र उजळते आणि पीएनजीत ते तसेच उतरते. ईएक्सआरमध्ये उतरत नाही, कारण तो बदल केवळ पाहण्यापुरता असतो. फाइल दुसरीकडे उघडली की चित्र काळोखे दिसते आणि लोक ईएक्सआरलाच नावे ठेवतात. वस्तुतः काहीच हरवलेले नसते. ते दोन स्टॉप तेथे पुन्हा द्यायचे असतात. म्हणून एक्स्पोजरचा आकडा आणि निवडलेले रंगरूपांतर (२०१७ पासून ‘फिल्मिक’, २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून मूलतः ‘एजीएक्स’) फोल्डरमध्येच लिहून ठेवावे. बदल खरोखर फाइलमध्ये हवा असेल, तर सायकल्समधील ‘फिल्म’ विभागात वेगळे एक्स्पोजर आहे. तेथील आकडा स्टॉपचा नसून गुणकाचा असतो. दोन स्टॉपसाठी ४ लिहावे लागतात.

जागा किती लागते? १९२० बाय १०८० ची तीन रंगांची हाफ फ्लोट फ्रेम संक्षेपाशिवाय सुमारे साडेबारा एमबी होते. २४० फ्रेमना जवळजवळ तीन जीबी. ‘झिप’ किंवा ‘पिझ’ हे संक्षेप काहीही न गमावता ती कमी करतात. ‘डीडब्ल्यूएए’ने फाइल बरीच लहान होते, पण थोडा तपशील जातो.

रेंडर थेट एमपी४ चित्रफितीत करण्याचा मोह कोकणात तरी टाळावा. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीत अनेक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात तास-दोन तास ती जाणे तर नेहमीचेच. मध्येच संगणक बंद पडला, तर अर्धवट एमपी४ बहुधा उघडतही नाही. सुट्या फ्रेम असतील, तर १७३ वी अर्धवट राहते आणि काम तिच्यापासून पुन्हा सुरू करता येते. चित्रफीत शेवटी त्या फ्रेमवरूनच काढावी. आणि ती पाहून ग्राहकाने होकार देईपर्यंत ईएक्सआर फोल्डर पुसू नये.