दुव्याचं गणित

म्हाताऱ्या जोडप्यातलं एक गेलं की दुसरंही फार दिवस काढत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. विमा कंपन्यांच्या गणितज्ञांनी ते आकड्यांतही पाहिलं आहे. हा विरह कर्जबाजारात कसा पोचला, त्याची ही हकिगत.

मी बी.ए. झालेला कवी; गणिताशी फारकत दहावीनंतरच झाली. पण ‘कोप्युला’ हा शब्द मला व्याकरणात भेटला होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दुवा. ‘आकाश निळं आहे’ यातलं ‘आहे’ म्हणजे कोप्युला. १९५९ मध्ये एब स्क्लार यांनी तो गणितात नेला, अनेक अनिश्चित गोष्टी एकमेकींशी कशा बांधल्या आहेत हे सांगण्यासाठी.

हा दुवा मोजायचा कशाला? पाच कर्जदार घ्या. प्रत्येक जण बुडण्याची शक्यता २० मध्ये १. त्यांचा परस्परांशी काही संबंध नसेल, तर पाचही एकदम बुडण्याची शक्यता ३२ लाखांत १. पण पाचही जण एकाच गिरणीत कामाला असतील आणि गिरणीच बंद पडली तर? मग ती २० मध्ये १ च्या आसपासही जाऊ शकते. कर्जदार तेच, फक्त दुवा बदलला.

२००० मध्ये डेव्हिड ली या चीनमध्ये जन्मलेल्या, कॅनडात शिकलेल्या विमागणितज्ञाने जोडप्यांचं हे गणित कंपन्यांना लावलं. कंपनी बुडणं म्हणजे तिचा मृत्यूच, नाही का? सूत्र सुटसुटीत होतं, सारा दुवा एका अंकात मावत होता. बाजाराने ते उचललं, पतमापन संस्थांनीही. पुढे अमेरिकेतल्या हजारो गृहकर्जांची गाठोडी बांधून त्यांच्या वरच्या थराला सर्वोच्च दर्जा दिला गेला, तो अशाच हिशेबांवर. आधाराला होती घरांच्या किमती चढत असतानाची वर्षं.

या सूत्रातला दुवा घंटेच्या आकाराच्या प्रसिद्ध आलेखातून घेतलेला. त्याचा स्वभाव असा, की संकट जितकं टोकाचं, तितकी त्यातली जोडी सुटत जाते. जपानच्या मासाकी सिबुया यांनी हे १९६० मध्येच सिद्ध केलं होतं. झुरिचच्या पॉल एम्ब्रेख्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बजावलंही होतं. प्रत्यक्षात माणसं उलटी वागतात. सुकाळात सुटी सुटी, दुष्काळात एकाच रस्त्याला. २००६ नंतर अमेरिकेत घरांचे भाव उतरले आणि फ्लोरिडातलं कर्ज नेवाडातल्या कर्जाबरोबर बुडू लागलं. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली. लाखो कुटुंबांची घरं गेली. लींना एकट्याला दोषी धरणं मला पटत नाही. सूत्राच्या मर्यादा फार थोड्यांना कळतात, असं त्यांनी स्वतःच २००५ मध्ये म्हटलं होतं.

पुढे बाझलच्या बँक-नियामक समितीने जानेवारी २०१६ मध्ये बाजारातल्या जोखमीचे नवे नियम काढले. टोकापलीकडचं सरासरी नुकसान मोजा, असं त्यांत आहे. आणि दुव्याचं काय? बँक आपलं सूत्र वापरणार असेल तर अर्धा हिशेब, जोखमी एकमेकींना सावरतात असं धरून. उरलेला अर्धा, व्याजदर, शेअर, परकी चलन अशा गटांपैकी एका गटाची जोखीम दुसऱ्या गटाच्या जोखमीला सावरत नाही असं धरून.