व्हिएटनाममधील चिनी सांस्कृतिक प्रभाव

आग्नेय आशियातील देशांपैकी चिनी संस्कृतीचा सर्वांत खोल ठसा व्हिएटनामवर उमटलेला दिसतो. हान साम्राज्याने इ. स. पू. १११ मध्ये तांबड्या नदीचे खोरे जिंकले, तेव्हापासून इ. स. ९३८ पर्यंत, ट्रुंग भगिनींच्या उठावासारखे (इ. स. ४०–४३) काही खंड सोडले, तर हा प्रदेश चिनी सत्तेखाली होता. तथापि हा प्रभाव केवळ सत्तेच्या बळावर रुजला, असे म्हणता येत नाही. त्याचा खरा विस्तार स्वातंत्र्यानंतर, व्हिएटनामी राजांच्याच हातून झाला. बौद्ध धर्माची कथाही सरळ नाही : उत्तरेकडील लुइ लाउ येथे तो प्रथम सागरी मार्गाने भारतातून आला, चिनी ध्यानपंथ नंतर प्रबळ झाला.

ली घराण्याच्या राजाने १०७० मध्ये हानोई येथे कन्फ्यूशसचे मंदिर (वान म्येउ) उभारले व १०७५ मध्ये चिनी पद्धतीच्या राज्यसेवा परीक्षांना आरंभ झाला. पुढे मिंग सम्राटाने देश व्यापला (१४०७–२७) आणि स्थानिक ग्रंथ व शिलालेख नष्ट करण्याची आज्ञा दिली. ले लोइने मिंग सैन्याला हाकलून लावले, परंतु त्याच्याच वंशातील ले थान् तोंगने (कार. १४६०–९७) कन्फ्यूशस मताला राज्यकारभाराचा पाया बनविले. शत्रूची शासनपद्धती शत्रूविरुद्ध राज्य बळकट करण्यासाठी स्वीकारली गेली, असाच याचा अर्थ लावणे युक्त ठरेल. परीक्षेतील यशस्वी विद्वानांची नावे दगडी कासवांवर उभ्या केलेल्या शिलापट्टांवर कोरण्याची प्रथा १४८४ मध्ये सुरू झाली. १४४२ ते १७७९ या काळातील परीक्षांचे ८२ शिलापट्ट वान म्येउच्या प्रांगणात अवशिष्ट आहेत.

स्वीकार करताना मूळ रूपात फेरफार होत गेले. ले काळातील संहितेने थांग कायद्याचा आराखडा घेतला, पण मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला आणि मुलगा नसल्यास पितृपूजेची जमीनही मुलीकडे सोपविली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्युएन घराण्याने चिंग कायदा जवळजवळ जसाच्या तसा उचलला, तेव्हा स्त्रियांच्या या हक्कांचा संकोच झाला. भाषेतही हेच घडले. शासन, वैद्यक व तत्त्वज्ञान यांची परिभाषा चिनी. परंतु बोलभाषा लिहिण्यासाठी चिनी चिन्हांचे घटक नव्याने जोडून ‘नोम’ लिपी घडविण्यात आली. न्युएन झू (मृ. १८२०) याने एका साधारण चिनी कादंबरीचे कथानक घेऊन सहा व आठ अक्षरांच्या देशी छंदात ३,२५४ ओळींचे ‘कीएउ’ हे काव्य रचले. मूळ कादंबरीची आठवण आज मुख्यतः या काव्यामुळेच राहिली आहे.

चू दाउ येथील कुंभारांनी पांढऱ्यावर निळ्या रंगाची चित्रकारी चिनी कारागिरीवरून उचलली. मिंग राजवटीने खाजगी सागरी व्यापारावर निर्बंध घातल्यावर ही भांडी दूरच्या बाजारपेठांत गेली : इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात १४५० हे वर्ष नोंदलेली एक सुरई आहे, तर होइ आनजवळ बुडालेल्या जहाजातून विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन लाखांहून अधिक वस्तू वर काढण्यात आल्या. ह्यूए येथील राजवाड्याची रचना पेकिंगच्या राजप्रासादाला अनुसरते. भोवतीची तटबंदी मात्र फ्रेंच धर्तीची आहे. दोंग हो गावच्या काष्ठठशांच्या चित्रांत नववर्षाचे चिनी विषय येतात, पण शिंपल्यांच्या भुकटीचा थर दिलेला चकचकीत कागद व डुकरे, कोंबड्या, म्हशींवरील गुराखी हे विषय गावातलेच.

दैनंदिन जीवनात जेवणाच्या काड्या, पितृपूजा व चांद्र पंचांग ही देणगी सर्वत्र आढळते. तरीही चिनी वर्षचक्रातील सशाची जागा येथे मांजराने व बैलाची जागा म्हशीने घेतली आहे. चुलीची देवता म्हणून एक स्त्री व तिचे दोन पती पूजले जातात. कुटुंबाच्या कन्फ्यूशसप्रणीत कल्पनेशी हे फारसे जुळणारे नाही!

फ्रेंच अमदानीत परीक्षा बंद झाल्या (शेवटची १९१९) आणि मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात घडविलेली रोमन लिपी सार्वत्रिक झाली. साक्षरता त्यामुळे वाढली, पण मंदिराच्या खांबांवरील पूर्वजांचे लेख बहुतेकांना अगम्य झाले. आज ‘तेत’ या नववर्षोत्सवात वान म्येउच्या परिसरात सुलेखनकार बसतात, लोक त्यांच्याकडून शुभाक्षरे लिहून घेतात, आणि त्यांतील काहीजण रोमन अक्षरेही चिनी कुंचल्यानेच काढतात.