जुन्या अक्षराचा माणूस

इतिहास म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे पानिपत उभं राहतं. आम्हां बँकेतल्या कारकुनांच्या डोळ्यांपुढे १ एप्रिल १९५७ उभा राहतो. रुपयाचे सोळा आणे त्या दिवशी गेले आणि शंभर नवे पैसे आले. तारीख ज्याने निवडली त्याला विनोदबुद्धी असावी. मी तेव्हा नव्हतो, माझे वडील हाफ पँटीत होते. पण या गोष्टी आमच्यात तिजोरीच्या किल्ल्यांबरोबर एका हेडकॅशियरकडून दुसऱ्याकडे जातात.

सरकारी कोष्टक असं होतं : एका आण्याचे ६ नवे पैसे, दोनांचे १२, तिनांचे १९, चारांचे २५. म्हणजे चार आणे एकदम मोडले तर पंचवीस, आणि एकेक करून चार खेपांत मोडले तर चोवीस. या एका पैशावरून काउंटरवर काय महाभारत झालं असेल ते सांगायला नको. (कोकणी माणसाचं नुकसान झालं नसावं. तो पैसे मुळात मोडतच नाही.) तरी बँका बंद पडल्या नाहीत. कारण काही वर्षं दोन्ही नाणी चालू होती आणि दोन्ही हिशेब येणारा माणूस खुर्चीवर होता. रुपये-आणे-पैची जुनी बाकी वाचून नव्या पानावर उतरवायची, एवढंच त्याचं काम.

मोडीचं असं झालं नाही. मोडी १९५० च्या दशकात शाळांतून गेली, दप्तरं मात्र तिथंच राहिली. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला निघाली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. वही शाबूत, शाई शाबूत; वाचणारा निवृत्त!

आता बँकेतली यंत्रं. १९८३ साली युनियनशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि हळूहळू खातेवहीच्या जागी ‘लेजर पोस्टिंग मशिन’ बसू लागलं. संगणक म्हणायची चोरी होती. नुसत्या नावाने संप झाला असता. आमच्या जुन्या मंडळींचा त्या मशिनवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून बरेच दिवस ते वहीही लिहीत. त्यांना आम्ही हसायचो. अजून हसतो, पण हल्ली जरा दबक्या आवाजात.

कारण आमच्या रत्नागिरीतल्याच एका पतपेढीत (नाव सांगत नाही, माझी ठेव आहे तिथे) रविवारी रात्री सर्व्हरची सुधारणा झाली. खाती होती पोस्टग्रेस नावाच्या प्रोग्रॅममध्ये. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या कामातून तो निघाला. फुकट मिळतो; पतपेढीला आणखी काय हवं? त्याची बारावी आवृत्ती काढून सोळावी घातली. सोमवारी बटण दाबलं, तो जरासा खोकला आणि बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा बसला. मॅनेजरांनी पाच वेळा बंद-चालू करून पाहिलं. शिपायाने त्याच्यापुढे टेबलफॅन लावला. पावसहून आलेले एक आजोबा दहापासून बाकावर बसले होते.

“पैसे तिजोरीत आहेत ना? मग अडलंय कुठे?”

“आहेत हो आजोबा, पण तुमचे किती ते आम्हाला माहीत नाही.”

“मला माहीत आहे!”

एवढ्यात एक तरतरीत पोरगा आला. म्हणाला, “डेटाचं फोल्डर उडवून नवं करू, लगेच सुरू होईल.” आणि खरं सांगतो, झालंच असतं! कोरी वही कोणालाही उघडता येते. मिरकरवाड्यातले ट्रॉलरवाले एका फटक्यात कर्जमुक्त झाले असते, आणि मी ठेवमुक्त.

वाचवलं अकाउंटंट बाईंनी. त्यांनी साधा प्रश्न विचारला, “तो का बसतो, ते कुठे लिहून ठेवतो का?” ठेवतो! त्याला लॉग म्हणतात. सकाळपासून तो कोणी उघडलाच नव्हता. कधी त्यात लिहिलेलं असतं की खात्यांचं फोल्डर सगळ्यांना उघडं आहे, अशा ठिकाणी मी काम करणार नाही. आमच्या स्ट्राँगरूमचाही नियम हाच. कधी डिस्क भरलेली असते. इथे मजकूर असा होता : वही बाराव्या आवृत्तीने मांडली आहे, मी सोळावी, आमचं जमत नाही.

“मग बारावीला परत बोलवा,” बाई म्हणाल्या.

तोच उपाय होता. आधी फोल्डरची नक्कल काढून बाजूला ठेवली. मग जुना प्रोग्रॅम पुन्हा आणला, कारण वही उतरवून देणाऱ्या हत्याराला जुना आणि नवा दोघेही हजर लागतात.

विलायतेतल्या टीएसबी बँकेचं उलट झालं. एप्रिल २०१८ मध्ये तिने ५२ लाख गिऱ्हाइकं नव्या यंत्रणेवर नेली. वह्या नीट पोचल्या, नवं घरच गळकं निघालं. १९ लाखांपर्यंत लोकांना आपली खाती उघडेनात, सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ साली ४ कोटी ८६ लाख पौंडांच्या वर दंड बसला. आमच्या सर्व्हरने निदान दारातच हात जोडले.

चार वाजता पतपेढी सुरू झाली. आजोबांनी पैसे दोनदा मोजले, शेवटच्या एसटीची चौकशी केली आणि पासबुक पुढे सरकवून म्हणाले, “हे हाताने लिहा.”