जखमेचा मोबदला आणि संसाराची वाटणी

काही वर्षांपूर्वी बंगळुरूत एका रविवारी सकाळी एक निवृत्त हवालदार माझ्या घरी आले. मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यातले, सेवा मराठा लाइट इन्फंट्रीत झालेली. कर्तव्यावर असताना झालेल्या अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. पुढे सेवामुक्ती, अपंगत्व पेन्शन आणि बंगळुरूत एका निवासी संकुलात सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी, असा त्यांचा क्रम. हातातल्या पिशवीत कौटुंबिक न्यायालयात दाखल झालेले तडजोडपत्र होते. परस्परसंमतीने घटस्फोट झाला होता. तडजोडपत्र इंग्रजीत होते, वकील कन्नडमध्ये बोलणारे आणि पतिपत्नी दोघेही मराठी. सही करताना काय लिहिले आहे, हे दोघांनाही पुरते उमगले नव्हते.

त्यातील एक अट अशी होती, की पतीच्या पेन्शनची निम्मी रक्कम बँकेने दरमहा परस्पर पत्नीच्या खात्यात जमा करावी. बँकेने तसे करण्यास नकार दिला. हवालदारांना तो नकार न्याय्यच वाटत होता. ते म्हणाले, "साहेब, पाय माझा गेला. त्या पैशात वाटणी कसली?"

पुढच्या आठवड्यात त्यांची घटस्फोटित पत्नी मुलाला घेऊन आली. तिचे म्हणणे थोडक्यात होते. "पाय त्यांचा गेला, खरं आहे. पण साहेब, नऊ वर्षं ती जखम धुतली कोणी?"

मला दोघांचेही म्हणणे खोटे वाटले नाही. म्हणून हा प्रश्न मुळापासून पाहावा असे ठरवले.

आपल्याकडे जखमेची किंमत ठरवण्याची पद्धत जुनी आहे. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची, म्हणजे १६५९ची, व्यवस्था नोंदलेली आहे. जखमी झालेल्यांना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली गेली. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. आज वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते, त्याचेच हे पूर्वरूप म्हणता येईल. माझे लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे गेले. एकाच आज्ञेत जखमेचा मोबदला आहे आणि घराच्या निर्वाहाची तरतूदही आहे. शिपाई आणि त्याचे घर यांना राज्यकर्त्याने वेगळे मानलेले नाही.

इंग्रजी अमलात हा विषय कायद्याच्या भाषेत आला. १८७१चा पेन्शन कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ११नुसार, पूर्वसेवेबद्दल किंवा सध्याच्या शारीरिक असमर्थतेबद्दल सरकारने दिलेले पेन्शन धनकोच्या मागणीवरून न्यायालयाला जप्त करता येत नाही. कलम १२नुसार, पुढे मिळणाऱ्या पेन्शनचे आधीच केलेले हस्तांतरण, गहाण वा करार रद्दबातल ठरतो. पुढे १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०नेही सरकारी पेन्शनला जप्तीतून वगळले. या तरतुदी वाचताना मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सावकार उभा राहतो. कायदा झाल्यानंतर चारच वर्षांनी, १८७५ साली, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. असमर्थ माणसाची भाकर कर्जापायी त्याच्या ताटातून जाऊ नये, हा या संरक्षणाचा अर्थ आहे.

परंतु पत्नी ही धनको आहे काय? वादाचे मर्म या प्रश्नात आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ साली त्याचे उत्तर दिले. पोटगी मागणारी पत्नी ही धनको नव्हे. म्हणून थकलेल्या पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते, असा त्या निकालाचा आशय आहे. १८७१चे कवच सावकाराविरुद्ध आहे, घरच्या माणसांविरुद्ध नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

सैन्याच्या कायद्यातही हीच दृष्टी दिसते. १९५०च्या सेना अधिनियमाच्या कलम २८नुसार दिवाणी न्यायालयाला सैनिकाचा पगार जप्त करता येत नाही. पण त्याच अधिनियमाची कलमे ९० आणि ९१ पत्नी व मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून कपात करण्याचा अधिकार शासनाला व विहित अधिकाऱ्याला देतात. सेवामुक्तीनंतर मात्र हा मार्ग संपतो आणि पत्नीला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आता हवालदारांच्या पेन्शनकडे वळू. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. सेवा घटक हा केलेल्या नोकरीबद्दल मिळतो आणि अपंगत्व घटक गमावलेल्या शरीरशक्तीबद्दल. १९६१च्या नियमावलीनुसार अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा वाढलेले आणि किमान २० टक्के असावे लागते. पहिला घटक कमाईच्या जातीचा आहे, तर दुसरा भरपाईच्या. मग वाटणीत दोन्ही सारखेच धरावेत काय?

अमेरिकेत या प्रश्नावर मोठा खल झाला; तिकडील वाचकांना तो ठाऊक असेल. तेथील संसदेने १९८२ साली घटस्फोटात सैनिकी निवृत्तिवेतनाची वाटणी करण्याची मुभा राज्यांतील न्यायालयांना दिली. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपंगत्व भत्ता घेण्यासाठी सोडून दिलेला निवृत्तिवेतनाचा भाग या वाटणीत येत नाही. २०१७ साली त्याने आणखी स्पष्ट केले, की त्यामुळे पत्नीची झालेली तूट पतीने भरून द्यावी, असा आदेशही राज्यांतील न्यायालयांना देता येत नाही. पण मुलांच्या पोषणाचा प्रश्न आला तेव्हा, १९८७ साली, त्याच न्यायालयाने अपंगत्व भत्ता विचारात घेण्यास मान्यता दिली होती. कारण तो भत्ता सैनिक आणि त्याचे कुटुंब या दोघांच्या आधारासाठी आहे.

भारतात गोवा वगळता वैवाहिक संपत्तीच्या समान वाटणीचा सर्वसाधारण कायदा नाही. आपल्याकडे प्रश्न वाटणीचा नसून निर्वाहाचा असतो. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २५ किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १२५, जे १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे, यांखाली न्यायालय पतीचे उत्पन्न पाहते आणि त्याच्या गरजाही पाहते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये दिलेल्या निकालात दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले. तो खटला नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून गेला होता. पोटगीची रक्कम ठरवताना गंभीर अपंगत्व व त्यावरील कायमचा खर्च विचारात घ्यावा, असेही त्यात म्हटले आहे. कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलावा लागतो. तो खर्च प्रतिज्ञापत्रात मांडला नाही, तर न्यायालयाला कळणार कसा?

हवालदारांच्या तडजोडपत्रात नेमके येथेच चुकले होते. पेन्शनचा भविष्यातील 'हिस्सा' लिहून दिल्याने ती अट कलम १२च्या अडचणीत सापडली. त्याऐवजी पोटगीची ठरावीक रक्कम लिहिली असती आणि ती पतीने स्वतःच्या सूचनेने बँकेतून पाठवावी असे ठरले असते, तर बँकेला अडचण नव्हती. पत्नीला दिलासा हवा असल्यास कलम २५खाली स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा ठेवता येतो. तेही कोणी सुचवले नव्हते.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. घटस्फोटित पत्नीला पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या आरोग्य योजनेतील तिचे स्थानही जाते. न्यायिक विभक्ततेत पत्नी कायद्याने पत्नीच राहते, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क सर्वसाधारणपणे टिकतो. ही गोष्ट सही करण्यापूर्वी कोणीतरी तिला तिच्या भाषेत सांगायला हवी होती. मुलांचा हक्क आईवडिलांच्या घटस्फोटाने नष्ट होत नाही. मात्र त्यासाठी मुलाचे नाव सैनिकी अभिलेखात नोंदलेले असावे लागते आणि ते तसे नव्हते.

मी दोघांना एकत्र बसवले. हवालदारसाहेब प्रथम पत्नीकडे पाहतही नव्हते. सेवा घटक, नोकरीचा पगार, पायाचा खर्च आणि मुलाचे शिक्षण असे सारे आकडे कागदावर मांडले, तेव्हा वाद बराचसा निवळला. अपंगत्व घटकाला शक्यतो हात लावायचा नाही, यावर ती स्वतःच राजी झाली. नवी तडजोड ठरावीक रकमेची झाली, आणि या वेळी प्रत्येक अट मराठीत वाचून दाखवली गेली. मुलाच्या नावाच्या नोंदीचा अर्ज हवालदारांनी माझ्या टेबलावरच भरला.

तिचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र परत आणता आला नाही. उद्या हवालदारांचे काही बरेवाईट झाले, तर नऊ वर्षे जखम धुणाऱ्या त्या बाईला सरकारकडून एक रुपयाही मिळणार नाही. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण कुटुंब निवृत्तिवेतन, उपचार आणि मुलांची नोंद यांचे पुढे काय होईल, हे दोन्ही पक्षांना त्यांच्या भाषेत समजावून दिल्याची नोंद घटस्फोटाच्या तडजोडीत असावी, इतका एक रकाना वाढवणे प्रशासनाला अशक्य नाही. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मराठी सैनिक कुटुंबांना त्याची गरज सर्वांत अधिक आहे.