तारेची दुसरी प्रत

पत्र पाकिटात बंद करून टाकता येते. तारेचा मजकूर मात्र खिडकीवरच्या कारकुनाला वाचायला द्यावाच लागे. या विश्वासाचे पुढे काय झाले, हे अमेरिकेतील 'शॅमरॉक' प्रकरणातून कळते.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी जाणारी-येणारी प्रत्येक तार तिथे लष्करी सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. हे कायद्याने चाले आणि लोकांनाही ठाऊक होते. १९४५च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले, तेव्हा लष्कराच्या संकेतलिपी विभागाचे अधिकारी वेस्टर्न युनियन, आरसीए आणि आयटीटी या कंपन्यांकडे गेले. तारांच्या प्रती यापुढेही मिळाव्यात, अशी त्यांची मागणी होती. हे बेकायदा ठरेल, असे कंपन्यांच्या वकिलांनी बजावले. तरी कंपन्या राजी झाल्या. त्यांना हमी हवी होती ती एवढीच, की आपल्यावर खटला होऊ नये. १९४७मध्ये संरक्षणमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना तसे आश्वासन दिले. ज्यांच्या तारा होत्या, त्यांना कोणी विचारले नाही.

हा व्यवहार तीस वर्षे चालला. १९५२मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे तो आला. साठच्या दशकात कागदाची जागा चुंबकीय फितींनी घेतली आणि संगणक नावानिशी तारा निवडू लागला. निवडायच्या नावांत व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे अमेरिकी नागरिकही होते. सत्तरच्या दशकात दरमहा सुमारे दीड लाख तारा विश्लेषकांसमोर येत. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीची चौकशी सुरू असताना, मे १९७५मध्ये हे काम थांबले. १९७८च्या कायद्याने अशा हेरगिरीसाठी खास न्यायालयाची परवानगी सक्तीची केली.

पण दुसरे दार उघडेच राहिले. ग्राहकाने फिरवलेले क्रमांक तो स्वतःच टेलिफोन कंपनीला कळवत असतो, त्यामुळे त्यांबाबत खाजगीपणाची अपेक्षा त्याला धरता येत नाही, असा निकाल १९७९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. जून २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे उजेडात आलेला पहिला कागद होता व्हेरायझन कंपनीला ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोज देण्याचा आदेश. तो दिला होता १९७८च्याच त्या न्यायालयाने.

आपल्याकडे तारखाते सरकारचेच होते. सार्वजनिक सुरक्षेसाठी तार अडवण्याचा अधिकार १८८५च्या कायद्याने सरकारला दिला होता. कंपनीची मनधरणी करण्याचे कारणच नव्हते. जुलै २०१३मध्ये आपली तारसेवा बंद झाली. आता आपले निरोप आणि पैशांचे व्यवहार खाजगी कंपन्यांच्या वहीत उतरतात. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणाला मूलभूत हक्क मानताना, धोका सरकारकडून तसाच खाजगी संस्थांकडूनही असल्याची नोंद घेतली.

सरकारची भीती अधिक की कंपनीची, असा वाद आपण घालतो. शॅमरॉकच्या काळात हे दोघे एकाच टेबलाशी बसले होते, आणि तार पाठवणाऱ्यासाठी तिथे खुर्ची नव्हती.